चाळीसच्या पुढे

माझ्या कपाळावरचं हे टेंगूळ आधी नीट बघून घ्या. पुढे जे सांगणार आहे त्याचा एवढाच पुरावा उरलाय, आणि तोही दिवसेंदिवस बसत चाललाय.

मी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. त्यातली अठ्ठावीस एकाच ड्रायव्हरबरोबर काढली. डेपोत त्याला सगळे 'चाळीस' म्हणत. आमच्या बसचा वेग बांधून दिलेला होता, ताशी चाळीसच्या वर ती जायचीच नाही. उतारावरसुद्धा नाही. सायकलवाले मागे टाकून जायचे आणि जाताना हात हलवायचे. एकदा एक बाई स्टॉपवर छत्री विसरली. चालत्या बसमधून उतरली, मागे जाऊन छत्री घेतली आणि पुढच्या दाराने परत चढली. मी तिला नवं तिकीट फाडून दिलं. नियम म्हणजे नियम.

नियमांच्या बाबतीत तर चाळीस माझाही बाप. माझ्या हातात दोरी, दोरीच्या टोकाला घंटी. म्हणून तो मला टणटण म्हणायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. बाकी जगाशी त्याला देणंघेणं नव्हतं. 'अहो थांबा, थांबा' असं ओरडून प्रवाशांचे घसे बसले, पण हा घंटीशिवाय कधी थांबला नाही. एकदा मी चहाला उतरलो आणि गप्पांत रंगलो. गाडीत तपासनीस बसलेला. "निघा, मी सांगतोय," तो म्हणाला. चाळीस आरशात बघत म्हणाला, "साहेब, बेल झाली नाही." माझे दोन कप होईपर्यंत साहेब आणि बावन्न प्रवासी जागच्या जागी.

आम्ही दोघं एकाच महिन्यात निवृत्त झालो. मी घरी जाऊन झोपलो ते चांगले दोन महिने झोपलो. चाळीस घरी गेला, पण त्याचा उजवा पाय काही घरी येईना. खुर्चीत बसला की पाय दाबायचा, सोडायचा, दाबायचा. जेवणाच्या टेबलाखालची फरशी इतकी झिजली की वहिनी त्या खळग्यात मांजरीला दूध घालायला लागल्या.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "ह्यांच्या पायाला कुठेतरी फिरवून आणा हो. झोपेत माझी पोटरी दाबत असतात. कळ येऊन ओरडले तर म्हणतात, हॉर्न कुणी वाजवला?"

चाळीस खिडकीशी उभा होता. बसल्या जागी त्याला दम लागायचा म्हणून तो हल्ली उभाच असायचा.

"टणटण," तो म्हणाला, "मला एकदा चाळीसच्या पुढे जायचंय."

"मग टॅक्सी कर."

"टॅक्सीत टॅक्सीवाला पुढे जातो. मी नुसता मागे बसतो."

"गाडी घे एखादी."

"तिचा वेग कारखान्यातून ठरून आलेला. आयुष्यभर दुसऱ्यानं ठरवलेल्या वेगानं गेलो रे. आता माझा मी ठरवणार."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भंगारवाल्याच्या आवारात.

घराला लागून एक गॅरेज होतं. त्यात गाडी कधी आलीच नव्हती; मोडका पलंग, दोन ट्रंका आणि वहिनींचं कपडे धुण्याचं मशीन होतं. पलंग बाहेर काढला. मशीन राहिलं, त्यामुळे सात महिने आम्हा सगळ्यांच्या कपड्यांना ग्रीसचा वास येत होता. इंजिन मिळालं आगीच्या बंबाचं. ते इतकं उतावळं की शेजारी कुणी काडी ओढली तरी आपोआप खोकायचं. गिअरबॉक्स पाववाल्याच्या गाडीचा. मागचा अॅक्सल शववाहिकेचा. त्या बिचाऱ्याला घाई हा प्रकारच माहीत नव्हता. बॉनेटला लोखंडी कपाटाची दारं लावली, कुलपासकट, आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. ऑइल बघायचं म्हटलं तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहावं लागे.

"आत्ताच तर बघितलंत," त्या म्हणायच्या.

"परत बघतो."

"उघडून बघून काय वाढतं का ते?" असं म्हणत किल्ली द्यायच्या.

स्टीअरिंग मात्र आमच्याच बसचं. भंगारवाल्याकडच्या चाळीसेक चाकांतून त्यानं ते डोळे मिटून, नुसते अंगठे फिरवून ओळखलं. त्याच्या अंगठ्यांचे खळगे होते त्यात. स्पीडचा काटाही त्याच बसचा आणला. मला बसून प्रवास करायची सवय नाही, म्हणून मागे एक पायरी जोडली आणि बसमधला उभं राहायचा लोखंडी दांडा वेल्ड केला. पुढे एक सीट, मागे एक दांडा, बाजूला धूर सोडणारे चार पाइप. वहिनी म्हणाल्या, "गाडी आहे की चिडलेला पंप?"

चालवायची कुठे, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. बंद पडलेल्या काच कारखान्यामागे एक रस्ता होता. दोन किलोमीटर, दोरी ताणल्यासारखा सरळ, ना स्टॉप ना गतिरोधक. शहरभर दुसरा असा नव्हता. आणि एका मंगळवारी मी बघतो तर त्याच्या तोंडाशी पाटी: येत्या सोमवारपासून खोदकाम, मोठ्या नळासाठी.

मी धावत गॅरेजमध्ये गेलो. चाळीस गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. बातमी सांगितली. डावा पाय शांत, उजवा थरथरला.

"सोमवार?"

"सोमवार."

"म्हणजे रविवार आपला आहे."

मग काय विचारता! पाच दिवस आम्ही जेवलो ते उभ्यानं. नटबोल्ट कमी पडले तेव्हा वहिनींनी स्वतः आपल्या शिलाई मशीनचे काढून दिले. ज्या वस्तूला हात लावावा ती सुटी व्हायची, आणि जी सुटी करायची ती गंजून बसलेली. चाळीस एकाच वेळी तीन कामं सुरू करायचा आणि चौथं करायला निघायचा. शनिवारी संध्याकाळी गाडी जॅकवर चढवली; चाळीस चाकांशी वाकून बघत होता, म्हणून सीटवर बसून मीच चाकं हवेत फिरवली. इतकी फिरली की वहिनींनी तारेवर घातलेले कपडे जागच्या जागी वाळले, इस्त्रीसकट.

रविवारी सकाळी टेम्पोला दोर बांधून गाडी रस्त्याच्या तोंडाशी आणली. वहिनींना टेम्पोतून पलीकडच्या टोकाला पाठवलं, भिंतीवरचं घड्याळ देऊन. वेळ मोजायला. त्या टोकाला खोदायचं पिवळं मशीन आदल्या दिवशीच येऊन उभं राहिलेलं, दात खाली टेकून.

चाळीसनं इंजिन सुरू केलं. चारही पाइपांतून आग. पहिला गिअर टाकला. मी पायरीवर, दांडा घट्ट धरून.

गाडी हलेना.

"निघ की!"

"हो."

इंजिन ओरडतंय, गाडी जागेवर. काटा शून्यावर.

"अॅक्सलनं घात केला बघ," मी म्हणालो. "शववाहिकेचा. वाट बघत असेल, माणसं जमायची."

"अॅक्सल नाही. क्लच सुटत नाहीये."

मी खाली उतरलो, रस्त्यावर आडवा झालो, क्लचची तार बघितली. झकास. बॉनेट उघडावं तर किल्ली दोन किलोमीटरवर, वहिनींच्या कमरेला. पुढून वाफ यायला लागली.

"अरे, डावा पाय उचल!"

"उचलतोय रे. उचलत नाहीये."

मी हात घालून त्याचा पाय ओढला. दगड. त्याच्या मानेवर घाम, हात चाकावर, आणि डोळे? डोळे रस्त्यावर नव्हतेच. आरशात होते. मी परत पायरीवर चढलो तसे ते माझ्यावर स्थिरावले.

"टणटण, काय होतंय मला?" तो म्हणाला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "म्हातारा झालो का रे मी?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सात महिने! हॉर्न बसवला, आरसा बसवला, माझ्यासाठी दांडासुद्धा बसवला. आणि दोन गाढवं मिळून घंटीच विसरलो.

मी खिशातला पाना काढला आणि दांड्यावर हाणला. ठण्-ठण्.

त्याचा पाय असा उचलला गेला की जणू स्प्रिंग होती. गाडी निघाली म्हणू नका. गाडी गेली, आम्ही तिच्या मागून पोचलो. पहिल्याच हिसक्याला माझ्या हातातला पाना उडाला. वीस. तीस. चाळीसवर येऊन काटा थबकला, घराच्या उंबऱ्यावर थबकावं तसा. चाळीसनं आरशात बघितलं. मी मान हलवली.

काटा पुढे गेला.

पन्नास, सत्तर. माझी टोपी गेली. काटा ऐंशीच्या शेवटच्या रेघेवर धडकला, तिथली खीळ तोडली आणि खालून वळून पुन्हा वर चढायला लागला. माझ्या कवळीतून वारा शीळ घालत होता. आणि चाळीस गात होता हो! अठ्ठावीस वर्षांत ज्यानं घसा खाकरला नव्हता तो.

मग पिवळं मशीन दिसलं.

"थांब!" मी ओरडलो. व्यर्थ. ओरडणाऱ्या प्रवाशासाठी तो कधी थांबला होता? मूठ आपटली, दांड्याचा आवाज येईना. पाना दीड किलोमीटर मागे. मशीनचे दात मोजता यायला लागले. मी दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कपाळ हाणलं.

ठण्.

एकच. दुसऱ्यांदा आपटलं असतं तर तो परत निघाला असता.

गाडी मशीनच्या दातांपासून वीतभर अंतरावर थांबली.

वहिनी घड्याळ छातीशी धरून उभ्या होत्या.

"किती वेळ लागला?" चाळीसनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"अगं, घड्याळ बघायला उभी केली होती ना तुला!"

"घड्याळ उघडंच होतं हो. डोळे मिटले होते ते माझे." मग त्या वाकून काट्याकडे बघायला लागल्या. "हा तर शून्य दाखवतोय."

"पलीकडून आलाय तो!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

वहिनींनी पदर ओला करून माझ्या कपाळाला लावला. चाळीसकडे वळून बघतात तर तो चाकावर डोकं ठेवून गाढ झोपलेला. उजवा पाय एकदम शांत.

आता एक गोष्ट सांगतो, त्याला सांगू नका. पाना उडाला हे खरं. पण कपाळ काही उडालं नव्हतं, ते पहिल्यापासून जागेवरच होतं. मशीन दिसल्यावर मी मनात पाच आकडे मोजले आणि मगच घंटी दिली. अठ्ठावीस वर्षं मीच त्याला थांबवत आलो होतो. एवढे पाच आकडे त्याचे होते.

सोमवारी रस्ता खोदला. चाळीसचा पाय अकरा दिवस हलला नाही. वहिनींनी खळग्यात सिमेंट भरून घेतलं, मांजर रुसली. बाराव्या दिवशी आम्ही चहा पीत बसलो होतो आणि टेबलाखाली काहीतरी घासल्याचा आवाज आला. मी वाकून बघितलं. डावा.

"टणटण," चाळीस कपाकडे बघत म्हणाला, "रिव्हर्समध्ये आपण कधी चाळीस गाठले नाहीत, नाही का?"

माझ्या हातातला चमचा आपोआप कपाच्या काठाकडे निघाला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "चमचा खाली ठेवा."