खाडीच्या तोंडाशी लावलेले जाळे

मित्रांनो, माझे वय झाले आहे आणि मी जाळ्यात आहे. या दोन्ही गोष्टींवर तूर्तास इलाज दिसत नाही. मी हेरिंग मासा. तुमच्या तारलीचा उत्तरेकडचा, थंडीला सरावलेला, जरा थोराड चुलतभाऊ.

माझा जन्म समुद्रतळावरच्या दगडांना चिकटलेल्या अंड्यात झाला. अर्धी भावंडे अंड्यात असतानाच हॅडक माशाची न्याहारी झाली. उरलेल्यांना प्रवाहाने उत्तरेला वाहून नेले. वाटेत कड्यांवरच्या पफिन पक्ष्यांनी आमच्यातले कित्येक जण चोचीत आडवे धरून आपल्या पिल्लांना पोचते केले. पुढे कॉड मासे, मग सील. आम्ही बारीक जवळा खातो आणि बाकी सगळे आम्हाला खातात. या समुद्राचा संसार एवढ्यावर चालतो. देवमासा दिसला की तुम्ही टाळ्या वाजवता. जरूर वाजवा. पण तो देवमासा म्हणजे बराचसा आम्हीच, फक्त एकाच कातडीत भरलेले.

आमच्या थव्याला पुढारी नसतो. जो तो शेजाऱ्याकडे बघून वळतो. अंडी घालायच्या त्या दगडांची वाट पिल्लांना ठाऊक नसते. म्हाताऱ्यांच्या कडेने पोहतच ती शिकायची. यंदा पिल्ले उदंड होती आणि वाट माहीत असलेले आम्ही थोडे. त्यात जवळ्याच्या मागे लागून सगळे या खाडीत शिरलो आणि आर्नफिन नावाच्या इथल्या कोळ्याने खाडीच्या तोंडाशी जाळे लावून टाकले.

इथली रीत अशी, की कोंडलेला मासा लगेच काढायचा नाही. पोटात जवळा असताना खारवला, तर पिंपात पोटाकडून नासतो. म्हणून पोट रिकामे होईपर्यंत खाडीतच ठेवायचा. तेव्हा आम्ही आत गोल गोल फिरत आहोत. जाळ्याबाहेर कॉड आशेने उभे आहेत. वर कुरव पक्षी ओरडत आहेत. इतक्या लोकांनी आमची वाट पाहावी, असे आम्ही काय केले होते?

रोज सकाळी आर्नफिनची सासू, म्हातारी रागना, त्याच्या होडीतून येते. आमच्यातला एक उचलते, अंगठ्याने त्याचे पोट उघडते आणि आत बघते. पोट अजून जवळ्याने लाल दिसले की सगळ्यांना मुदतवाढ मिळते. त्या एकाला मात्र तिचा उपयोग नसतो.

काल तिने उचललेला मासा जावयाच्या नाकापुढे धरला.

"हे काय कोंडलंयस, जावईबापू? निम्मी पोरंच आहेत की!"

"सासूबाई, पिंपाला वय कळत नाही."

"पिंपाला नाही कळत, तुला कळायला काय धाड भरली? सगळी भर पिंपात. मग हिवाळ्यात कॉड या खाडीत काय तुझं तोंड बघायला येणार आहे?"

"एवढंही वाईट नाही हो माझं तोंड."

"घरी गेल्यावर लेकीला विचारते."

आर्नफिन शहाणा माणूस. भर खाडीत सासूशी वाद घातला तर घरी पोहत जावे लागते, हे तो जाणून होता. त्याने मोठ्या भोकांचे जाळे आणून आतून लावले आणि बारीक भोकांचे काढून घेतले. पिल्ले भराभर निसटली.

"घ्या! पोरं सोडली, थोरले ठेवले. झालं समाधान?"

"झालं. देव तुझं भलं करो."

दोघेही भली माणसे. पोरांना वाट कोण दाखवणार, हे विचारायचे मात्र दोघांच्याही मनात आले नाही.

पिल्ले गेलीच नाहीत. ती जाळ्याबाहेर आमच्या कडेने गोल फिरू लागली. आम्ही डावीकडे वळलो की तीही डावीकडे. कॉडांनी तोंडे उघडली.

तेव्हा जन्मात पहिल्यांदा मी शेजाऱ्याकडे न बघता वळलो. खुल्या समुद्राकडे तोंड केले आणि सरळ जाळ्यावर धडकलो. खवले निघाले. पुन्हा धडकलो. शेजाऱ्याने सवयीने माझ्याकडे पाहिले आणि तोही धडकला. मग त्याचा शेजारी. बघता बघता सगळे म्हातारे एकाच बाजूला आपटू लागले. बाहेरची पिल्ले आमच्याकडे बघून तिकडेच वळली. त्यांच्यापुढे जाळे नव्हते. कॉडांनी काही घेतली. कॉड पोट भरले की थांबतो. बाकीची निघून गेली.

आज पाण्यावर खवल्यांचा थर तरंगताना पाहून रागना म्हणाली, "हे रे काय? वेड लागलं की काय यांना?"

"सुटायचं असेल," आर्नफिन म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही लहानांना सोडता, हे चांगलेच करता. त्यांच्याबरोबर एखाददुसरा म्हाताराही सोडत जा. मी पिल्लांना फक्त दिशा दाखवू शकलो. खाडीबाहेरच्या बेटाच्या टोकापर्यंत ती नीट जातील. तिथे अंडी घालायच्या दगडांकडे दक्षिणेला वळायचे असते आणि ते वळण अजून माझ्यापाशीच आहे.