बर्फ आणेपर्यंत

मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काम करते आहे. नळाला येणाऱ्या पाण्यात काय किती विरघळलेलं आहे, हे दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. हाताखालच्या मुली पाठीमागे मला ‘मिलीताई’ म्हणतात. मिलीलिटरवरून. मला हे ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, आणि मनातून मला ते आवडतं हे तर कोणालाच ठाऊक नाही. तर या मिलीताईने स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी, दोन ग्लासांचा काय घोळ घातला ते सांगते.

घरात मी आणि बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचे रेफ्री. चाळीस वर्षं पोरांच्या मागे धावून त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला. आमच्या घरापासून मैदान चारशे पावलांवर आहे. निवृत्तीनंतरही दर रविवारी ते तिथे रेषेबाहेर उभे राहायचे आणि आत धावणाऱ्या रेफ्रीच्या चुका मोजायचे. गेल्या वर्षापासून ते चारशे पावलं जाऊ शकत नव्हते. रविवारी मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू आला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

सांधा बदलायचा ठरला तेव्हा बाबा लग्न ठरल्यासारखे खूश झाले. तपासण्या झाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, “दारू किती घेता?”

“औषधापुरती,” बाबा म्हणाले.

बाबा क्ष-किरणाच्या खोलीत गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. यकृताचा एक आकडा दाखवला. आकडा औषधापुरता नव्हता. “सहा आठवडे पूर्ण बंद. मग पुन्हा तपासू. हा खाली आला तरच मी भूल देईन. नाहीतर नाही. त्यांना तुम्हीच नीट समजावून सांगा.”

मी मान हलवली आणि समजावून सांगितलं नाही.

याचं कारण आमची संध्याकाळ. सात वाजता मी कामावरून येऊन हातपाय धुऊन बसते. दोन खुर्च्या, मध्ये एक स्टूल, समोर टीव्ही. आधी जुना, कृष्णधवल सिनेमा, मग कुठली तरी मॅच. बाबांचे दोन पेग, माझा एक. कधी कधी माझेही दोन. बरेचदा कधी कधी. खुबा दुखायला लागल्यापासून ओतायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी माझे तीस मिली नळीने मोजून घेते. चहाचा चमचासुद्धा मी सपाट करून घेते, त्यामुळे यात विशेष काही नाही.

आणि सोबत मतं. सिनेमाला रंग आला आणि अक्कल गेली, हे बाबांचं मत. जुन्या सिनेमांतल्या प्रयोगशाळा बघवत नाहीत, हे माझं.

“खाली बर्नर नाही, काही नाही, आणि द्रावण उकळतंय कसं?” मी विचारायची.

“अगं, तो खलनायक आहे. त्याचं उकळणारच.”

मॅचमध्ये कोणी धक्का न लागता पडला की बाबा म्हणायचे, “याला आधी नाटक कंपनीत घ्या.” पडद्यावर पुन्हा बघून निर्णय देणारा रेफ्री म्हणजे पुस्तक उघडं ठेवून परीक्षा देणारा विद्यार्थी, असंही त्यांचं मत होतं, आणि ते आठवड्यातून तीनदा मला नव्याने सांगितलं जायचं.

यातून ग्लास काढून घेतला तर बाबा चिडतील, हट्टाला पेटतील, ऑपरेशनच नको म्हणतील, असा मी निष्कर्ष काढला. आधार काहीही नव्हता. माझ्या प्रयोगशाळेत असा निष्कर्ष कोणी लिहिला असता तर मी कागद परत केला असता. पण घरी मी शास्त्रज्ञ नसते, मुलगी असते, आणि मुलगी असताना मी भयंकर शहाणी असते.

मी नकली व्हिस्की बनवायला घेतली.

दोन रविवार गेले. फिका काळा चहा, जाळलेली साखर, सुंठ, मिरी, व्हिनेगरचा एक थेंब. रंग खिडकीच्या उजेडात खऱ्या व्हिस्कीशेजारी धरून जुळवला. घशाशी जाळ हवा म्हणून सुंठेचं प्रमाण चार वेळा बदललं. ग्लासाच्या काठावर खऱ्या व्हिस्कीत बुडवलेलं बोट फिरवलं की वासही येई. शेवटचा नमुना मी डोळे मिटून प्यायले आणि स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात दोन ग्लास भरले. बाबांना नकली, मला खरी. माझे नेमके तीस मिली. त्यांचा ग्लास मात्र मी सढळ हाताने भरला, चांगला दुप्पट. चहाच तर होता. त्यांचा आनंद कमी होऊ नये, एवढाच हेतू. ट्रे नेऊन स्टुलावर ठेवला, त्यांचा ग्लास त्यांच्या बाजूला, माझा माझ्या बाजूला, आणि बर्फ आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा बाबांनी एक घोट घेतलेला होता.

“कशी आहे?” मी शक्य तितक्या सहज विचारलं.

“छान,” बाबा म्हणाले. “तुझा हात बसायला लागला.”

मी बर्फ टाकला आणि टीव्हीकडे तोंड केलं, कारण मला खोटं बोलताना बघून ओळखणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा सराव होता.

पुढचे आठवडे फार मजेत गेले. बाबा पीत नव्हते, आणि मी त्यांच्यासमोर बसून पीत होते, याची टोचणी लागायला हवी होती. लागली नाही. उलट मी खुलले. दुसऱ्या ग्लासाच्या सुमाराला माझे गाल तापायचे, जीभ सैल सुटायची. एरवी मी सभेत तीन वाक्यं बोलले तर साहेब दचकतात. पण त्या काळात मी गोलकीपरच्या उभं राहण्याच्या कोनावर वीस मिनिटं बोलले. जुन्या सिनेमातली नायिका रडताना कधीच नाक का पुसत नाही, यावर बोलले. बाबा हसून हसून खुर्चीचा हात धरायचे. एकदा तर मी धाकट्या बहिणीला फोन लावला.

“तो मिशीवाला नट होता ना,” मी म्हणाले, “तो मुळात वाईट नट होता. आपल्या सगळ्यांना मिशी आवडली.”

“ताई, तू घेतली आहेस का?”

“किंचित.”

“किंचित नाही वाटत. बाबांना फोन दे.”

आणि मी म्हणे एकदा गायलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी डोकं जड वाटलं म्हणून अर्धा दिवस रजा टाकली. वर बाबांना सांगितलं, की आजकालची बाटली पूर्वीपेक्षा मऊ लागते, पिंपात जास्त मुरलेली असावी. मला चव कळते, असं माझं स्वतःबद्दलचं मत आहे.

सहा आठवडे झाले. रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले. आकडा खाली आला होता, पण थोडासाच.

“कमी केली, पण सोडली नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“शक्यच नाही. एक थेंबही नाही. मी स्वतः ओतते.” बोलून गेल्यावर हे वाक्य मला जरा विचित्र वाटलं. डॉक्टरबाईंनाही वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

“मग घरात दुसरी बाटली शोधा. ऑपरेशन आत्ता होणार नाही.”

मी दुपारी घरी आले आणि झडती घेतली. चपलांचं कपाट, जुनी खेळाची बॅग, गादीखाली, पाण्याच्या टाकीमागे. बॅगेत तीन शिट्ट्या आणि एक वाळलेला मोजा मिळाला. बाबा खुर्चीतून बघत होते.

“काय हरवलंय?”

“बाबा, खरं सांगा. बाटली कुठे लपवली आहे?”

“कसली बाटली?”

“तुम्ही चोरून पिता. रिपोर्टात आलंय. आकडा खाली आला नाही, आता ऑपरेशन होणार नाही!”

बाबांचा चेहरा उतरला. ते खिडकीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले तेव्हा रागावलेले होते. “चोरून? मी? उलट आयुष्यात कधी नव्हे इतकी कमी झाली आहे माझी. तू मला रोज दुप्पट भरून देतेस आणि स्वतःला थेंबभर घेतेस. म्हातारा म्हणून लाड करतेस, कळत नाही का मला? मग तू बर्फ आणायला गेलीस की मी ग्लास बदलतो. दिवसभर राबून येतेस तू. मोठा तुझा असायला हवा.”

“रोज?”

“रोज. दोन्ही वेळेला. त्यात काय एवढं?”

मी मोज्यासकट बॅगेवर बसले.

आधी हिशेब लागला तो त्यांचा. तीस आणि तीस, रोज साठ मिली, अस्सल. म्हणून आकडा थोडासा खाली. डॉक्टरबाई बरोबर होत्या. मग माझा लागला. गोलकीपरचा कोन, मिशी, गाणं, जड डोकं, अर्ध्या दिवसाची रजा. सगळं सुंठेच्या चहावर. सहा आठवडे दुप्पट मापाचा ग्लास माझ्या नाकासमोर होता आणि मिलीताईला तो दिसला नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंचं बोलणं, सहा आठवड्यांची अट, चहा, साखर, मिरी. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. सांगून झाल्यावर वर बघितलं. वाटलं, आता हसतील. गाण्याचा भाग तरी हसण्यासारखा होता.

बाबा हसले नाहीत.

“म्हणजे सहा आठवडे गेले,” ते म्हणाले.

“हो.”

“डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बंद करायला सांगा म्हणून.”

“हो.”

“आणि तू सांगितलं नाहीस. मला.”

“तुम्ही ऐकलं नसतं, बाबा.”

“विचारलंस?” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “तू दहा वर्षांची होतीस तेव्हा मी सिगरेट सोडली. तुझी आई एके दिवशी म्हणाली, घरात वास येतो, पोरींना खोकला होतो, सोडता का? सोडली. त्या दिवशी. तिने काय मला उदबत्ती पेटवून दिली होती सिगरेट म्हणून?”

हे मला माहीत होतं. दहा वर्षांची होते तरी आठवत होतं. हातात असलेलं एकमेव निरीक्षण, आणि मी ते वापरलंच नव्हतं.

“पोरं मैदानावर माझ्याशी भांडायची,” बाबा म्हणाले. “शिव्या द्यायची. पण नियम मी त्यांना खेळ सुरू होण्याआधी सांगायचो. मला न सांगता खेळवलंस तू.”

“चुकलं माझं.”

“चुकलंच.” मग ते पाय चोळू लागले. “चहा कसा होता?”

“चांगला होता. मला चढला.”

आता ते हसले, पण अर्धेच. “आजपासून मोज. सहा आठवडे. तू घे हवी तर, मला काही होत नाही.”

मी म्हणाले, मीही सोडते. हे मी मोठेपणाने म्हणाले. बाबांनी त्या संध्याकाळी सात वाजता लिंबूपाणी मागितलं, प्यायले आणि सिनेमा बघू लागले. विषय संपला. मी मात्र सात वाजून पाच मिनिटांनी उठले, फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सव्वासातला टेबल पुसलं. साडेसातला जुना सिनेमा मला असह्य वाटला आणि नायिका नाक का पुसत नाही याची मला अजिबात पर्वा नव्हती. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हातात ग्लास असला की मला बोलावंसं वाटतं, आणि नसला की आम्ही दोघं फार गप्प असतो. दुसऱ्या आठवड्यात बाबांनी विचारलं, “गोलकीपरबद्दल काही नाही का आज?” मग मी बोलले. कोरडी, चहाशिवाय. सुरुवातीला वाक्यं जुळेनात. बाबा मध्येच म्हणाले, “चूक आहे तुझं,” आणि मी त्यांना कागदावर कोन काढून दाखवला. तरी चूक म्हणाले.

सहा आठवड्यांनी रक्त दिलं. या वेळी रिपोर्ट बाबांनी स्वतः उघडला. लांब धरून वाचला, आकड्यावर बोट ठेवलं, मला दाखवला. आकडा जिथे हवा तिथे होता. मी लगेच फोनकडे हात नेला.

“राहू दे. मी करतो.”

त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. नाव सांगितलं, आकडा सांगितला, डॉक्टरबाईंना दोनदा ‘हो’ म्हणाले. पलीकडून तारीख सांगितली असावी, कारण बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

“गुरुवार? या गुरुवारी नाही जमणार. फायनल आहे.”

मी खुर्चीतून अर्धी उठले. तीन महिने, दोन रिपोर्ट, आणि हा माणूस मॅचसाठी तारीख परत करतोय. फोन हिसकावून ‘गुरुवार चालेल’ म्हणायला मला दोन सेकंद पुरले असते. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि बसून राहिले.

“सोमवार? थांबा हं.” बाबांनी फोनवर तळवा ठेवला आणि माझ्याकडे वळले. “सोमवारी तुला रजा मिळेल का?”

“मिळेल,” मी म्हणाले.