उठून दिलेली जागा

अण्णा कुठेही गेले तरी खुर्चीच्या काठावर बसत. न जाणो, ती दुसऱ्या कुणाला हवी असली तर! ग्रंथालयात नोकरी केली तेव्हा नवं पुस्तक सगळ्या वाचकांकडून फिरून आल्यावरच ते घरी नेत, तोवर त्याची पानं सुटलेली असत. बायको म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. बायको गेली, भीड तेवढी राहिली.

धाकटी लेक त्यांच्याजवळ राहायची. कार्यक्रम चालू असतानाच तो इंटरनेटवरून लोकांच्या घरी दाखवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती होती, आणि कुठल्या कार्यक्रमाला चित्र पाठवणारा केवढा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, लागेल हे ठरवणं तिचं काम होतं. लहान नाट्यगृहांना मोठ्या सर्व्हरचा खर्च झेपत नाही, म्हणून तिने एक योजना मांडली होती. जेवताना तिने ती अण्णांना समजावली. सर्व्हर थोड्याच जणांना चित्र देणार, त्यांचे संगणक ते बघता बघता पुढच्यांना देणार, पुढचे त्यांच्या पुढच्यांना. मोबाइलवाले बहुतेक नुसतेच घेणारे. सर्व्हर फक्त कुठे भगदाड पडलं तर बुजवायला. अण्णांचं अर्धं लक्ष मांडीवरच्या पुस्तकात होतं. दुसऱ्यांदा विचारलं तर तिला त्रास, म्हणून त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

पहिला प्रयोग होता एका म्हाताऱ्या बाहुलीवाल्याच्या शेवटच्या खेळाचा. त्याचे हात थरथरू लागले होते. खेळ साठवून ठेवायचा नाही, बघायचा तर होताना बघा, अशी त्याची अट होती. लेकीच्या साहेबांनी नाखुशीने होकार दिला, आणि फसलं तर या योजनेचं पुन्हा नाव काढायचं नाही, असंही बजावलं.

अण्णांच्या वाचक मंडळातल्या सगळ्यांकडे लेक स्वतः जाऊन आली. बहुतेक निवृत्त माणसं. परगावी जाताना मुलांनी घरात मोठे संगणक आणि दमदार इंटरनेट बसवून दिलेलं, त्यावर ही मंडळी शब्दकोडी सोडवत. लेकीने तिथे खेळ बघायची सोय करून दिली. म्हाताऱ्यांचं किती करते पोरगी, असं वाटून अण्णा संकोचले.

खेळ दुपारी होता. पडद्यावर बाहुल्यांमधली म्हातारी हरवलेली बकरी शोधत होती, आणि बकरी तिच्या पाठीमागेच लपत होती. अण्णा एकटेच हसत होते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून लेकीचा आवाज आला. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, की लोक अपेक्षेपेक्षा जास्त आलेत, सर्व्हर काठोकाठ भरलाय, आणखी जागा मिळणार नाही.

अण्णांचं हसू गेलं. बाहेर लोक ताटकळत उभे, आणि आपण पुढची जागा अडवून बसलोय! त्यांनी हळूच संगणकावरची खेळाची खिडकी बंद केली. मग मंडळात एकेकाला फोन लावला. गर्दी फार झालीय, आपण उठू या, तरुणांना बसू द्या. मंडळही त्यांच्यासारखंच. कुणी का म्हणून विचारलं नाही. माजी मुख्याध्यापिका तर म्हणाल्या की त्यांच्याही ते मनात आलंच होतं. अण्णा समाधानाने पुस्तक घेऊन बसले.

थोड्याच वेळात शेजारी खुर्ची जोरात सरकली. मग नुसता कीबोर्डचा आवाज, मग तोही नाही.

लेक बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. चित्र गोठलं ते गोठलंच, म्हणाली. घरी बघणाऱ्या कुणालाच शेवट दिसला नाही. साहेबांना तिने सांगून टाकलं होतं, अंदाज माझाच चुकला.

"देणारे एकापाठोपाठ एक गेले," ती चहाच्या कपाकडे बघत म्हणाली. "सगळे तुमच्या मंडळातले. त्यांच्यामागचे सगळे मोबाइल एकदम सर्व्हरच्या गळ्यात पडले. म्हातारी माणसं कंटाळून उठतात, हे मी धरायला हवं होतं. यापुढे त्यांना हिशोबातच घ्यायचं नाही, असं लिहून देते."

जेवताना ऐकलेलं अर्धं आणि हे अर्धं अण्णांच्या डोक्यात आत्ता कुठे एकत्र आलं. ते उठून पुस्तकांच्या कपाटापाशी गेले, उगाच दोन पुस्तकं सरळ केली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण बोल लागणार होता मंडळाला. आणि पोरीला.

"ते कंटाळले नव्हते," ते कपाटाकडे तोंड करून म्हणाले. "मी उठवलं त्यांना. मला वाटलं, तुझ्यावरचा भार कमी होईल."

तिने कप हळूच खाली ठेवला. अण्णांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा, तुम्ही भार नव्हतात. तुमच्यावरच सगळं उभं होतं."

साहेबांना येऊन सांगतो, असं ते पुटपुटले.

"काय सांगणार? माझे वडील सभ्य निघाले म्हणून?" ती हसली, पण डोळे पुसत. मग स्वतःशीच म्हणाली, की चूक तिचीही होती, बघणाऱ्यांना तिने हे सांगायलाच हवं होतं.

खरा प्रकार ऐकून साहेबांनी कुरकुरत आणखी एक संधी दिली. शाळांच्या पोहण्याच्या स्पर्धा. या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात लेकीने एक ओळ घातली होती: तुम्ही बघताय म्हणून दुसऱ्यांना दिसतंय. अण्णांना पोहता येत नव्हतं, पाण्यात कोण कुणाचं पोर तेही माहीत नव्हतं. पण ते तहान लागली तरी उठले नाहीत.

मध्येच मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. गर्दी झाली असेल ना, आता उठू का?

"नाही," अण्णा म्हणाले. आयुष्यात ते कुणाला असं तोडून बोलले नव्हते. "बसा. शेवटपर्यंत बसा."

बरं, बाई म्हणाल्या, बसते. "पण त्या दिवशीचं तेवढं सांगा. म्हातारीला बकरी सापडली का हो?"

नाट्यगृहात होते त्यांना विचारता आलं असतं. अण्णांनी विचारलं नव्हतं. ते जाणून घ्यायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं त्यांना वाटत होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले, आणि पडद्यावरच्या पाण्याकडे बघत राहिले.