मी, तारेच्या कुंपणातली कढई

मी एक कढई बोलतेय. पण तुमच्या ओट्यावरची भजी तळायची कढई डोळ्यांपुढे आणू नका, नाहीतर मला राग येईल. माझ्यात एखादी म्हैस आरामात डुंबेल एवढा माझा घेर आहे. मला उचलायला चार गडी लागतात आणि चौघेही नंतर कंबर धरून बसतात. ही बढाई नव्हे. बढाई पुढे येणार आहे.

माझा जन्म मलायातल्या पेराकचा, कथलाच्या खाणीशेजारच्या भट्टीतला. मोडकी यंत्रं, जुने रूळ आणि देवळातली एक फुटकी लोखंडी घंटा असं सगळं एकत्र वितळवून मला ओतलं. घंटा पोटात गेल्यामुळेच हिचं तोंड बंद राहत नाही, असं भट्टीवाला म्हणायचा. मला विकत घेतलं ते याप नावाच्या एका टोफूवाल्याने. त्याची बायको म्हणजे याप मावशी. जिभेने तिखट, हाताने सढळ, आणि आपल्या रांधण्याला कुणी नाव ठेवलं तर झाऱ्या घेऊन मागे लागणारी बाई. रानाच्या कडेला त्यांचं घर होतं आणि घरात लान नावाची एकुलती एक लेक.

मग जपानी आले. ते लोखंड दिसलं की उचलून न्यायचे, म्हणून मला रताळ्यांच्या शेतात पुरलं. त्या वर्षांत मावशीचा नवरा तापाने गेला. जपानी गेल्यावर मला उकरून काढलं तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर रताळ्यांचे वेल चढले होते आणि गुदगुल्यांनी माझी हसून हसून पुरेवाट झाली होती.

जपान्यांशी जंगलात राहून जे लढले त्यांच्या छातीवर इंग्रजांनी पदकं लावली. पुढे इंग्रज परत राज्य करायला बसले, रबराचे मळे आणि खाणी पुन्हा त्यांच्याच झाल्या, मजुराच्या ताटात मात्र जास्तीचं काहीच पडलं नाही. तेव्हा तेच लोक पुन्हा जंगलात गेले. या खेपेला त्यांच्या डोक्यावर बक्षिसं लागली. त्या लोकांत आमची लानही गेली. मावशीने तिला अडवण्यासाठी दार लावून घेतलं, तर पोरगी खिडकीतून गेली.

आता ही लढाईच होती. दोन्हीकडे बंदुका होत्या, माणसं मरत होती. पण सरकारने तिला लढाई म्हणायचं नाही असं ठरवलं. लढाई म्हटलं की मळेवाल्यांना विमा मिळत नाही म्हणे. म्हणून नाव ठेवलं ‘आणीबाणी’, आणि ही आणीबाणी बारा वर्षं चालली.

जंगलातल्यांना भात, मीठ, औषध कोण देतं? रानाच्या कडेचे लोक. मग रानाच्या कडेला लोकच ठेवायचे नाहीत, असा वरून हुकूम आला. एका सकाळी लष्कराच्या लॉऱ्या आल्या, माणसं, कोंबड्या, देव, खाटा सगळं भरलं आणि मागे घरं पेटवून दिली. मला सोडून चला, असं शिपाई म्हणत होते. मावशी माझ्यात जाऊन बसली. शेवटी आम्हा दोघींना एकदमच उचलावं लागलं. लॉरी खड्ड्यात गेली की मी घणाणायचे आणि मावशी शिव्या द्यायची, असा आमचा वाजतगाजत प्रवास झाला.

सुंगाई मेरान नावाच्या त्या नव्या गावाला दुहेरी तारेचं कुंपण होतं, एकच फाटक होतं आणि फाटकावर झडती. सकाळी रबराचा चीक काढायला मळ्यात जाणाऱ्या बायकांच्या बादल्या, टोप्या, सायकलींचे पंप, सगळं तपासायचे. दुकानात डबाबंद मासा घेतला तर दुकानदाराने तिथल्या तिथे डब्याला भोक पाडायचं, म्हणजे तो साठवता येऊ नये. एवढं करूनही तांदूळ जंगलात पोचतच होता.

तेव्हा गावाचा कारभारी हॅडली साहेब याने एक शक्कल लढवली. वयाने कोवळा, नाक उन्हाने सोललेलं, आणि मलय भाषा अशी बोलायचा की शब्द बिचारे लंगडत बाहेर यायचे. त्याने सगळ्या घरांतला कच्चा तांदूळ जमा केला. आता अख्ख्या गावाचा भात एकाच ठिकाणी शिजेल आणि शिजवलेलाच वाटला जाईल. इथल्या उकाड्यात शिजवलेला भात दुसऱ्या दिवशी आंबतो, मग जंगलात नेऊन करणार काय? आणि एवढा भात शिजवणारं भांडं गावात एकच होतं. ही घ्या ती बढाई. सरकारच्या युद्धनीतीचं मुख्य हत्यार मी होते. विमानं, तोफा, कुत्री, सगळी माझ्यानंतर.

मी नुसती फुगले होते. रोज सकाळी माझ्याभोवती अख्खं गाव भांडी घेऊन उभं राहायचं. मावशी फावड्याएवढा झाऱ्या फिरवायची आणि रांगेतल्या प्रत्येकाची विचारपूस करता करता प्रत्येकाचा अपमानही करायची. लोक ‘नमस्कार’ म्हणत नाहीत आमच्याकडे, ‘जेवलात का’ म्हणतात. मावशी त्यावर, ‘मी वाढल्याशिवाय जेवणार कसे,’ म्हणून पुढच्याकडे वळायची.

पण हॅडली साहेब एक गोष्ट विसरला. त्याने आयुष्यात कधी कढई घासली नव्हती. भात उपसला की माझ्या बुडाला जी सोनेरी, कुरकुरीत खरवड उरते ना, ती उन्हात वाळवली की महिनाभर टिकते, हूं की चूं करत नाही. गरम पाण्यात टाका, पुन्हा भात. आमच्याकडे चूल पेटवता येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. म्हणून मावशी जाळ जरा मोठाच ठेवू लागली, आणि माझी खरवड दिवसेंदिवस जाड होत गेली. साहेबाने विचारलं तर म्हणाली, कढई जुनी झालीय, भात बुडाला धरते. जुनी! मी ऐकून घेतलं. लेकीसाठी आई काय वाटेल ते बोलते.

डुकरांचे गोठे साहेबाच्या नाकाला सोसत नाहीत म्हणून कुंपणाबाहेर ओढ्यापाशी होते. खरवड डुकरांच्या बादल्यांत, वर शेवाळ्यासारखं बुळबुळीत खरकटं. फाटकावरचा हवालदार रमली मुसलमान, डुकराच्या बादलीत हात घालणार कसा? तो तोंड फिरवायचा आणि हातानेच ‘जा, जा’ करायचा. गोठ्यामागच्या ढोलीत मावशी पुडकं ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुडकं गेलेलं असायचं आणि जागेवर गवताच्या काडीची गाठ असायची, लान लहानपणी वेणीला मारायची तशी. ती गाठ कमरेला खोचून मावशी परत यायची आणि त्या दिवशी रांगेत कुणाचाच अपमान व्हायचा नाही. लोकांना काळजी वाटायची.

असं मस्त चाललं होतं आणि घात केला तो डुकरांनी. खरवडीच्या नादात त्यांना पोटभर घालायचंच मावशी आणि गावच्या बायका विसरल्या. हॅडली साहेबाच्या वडिलांचा विलायतेत डुकरांचा धंदा होता हे कुणाला ठाऊक? एक दिवस तो ओढ्याकडे फिरायला गेला आणि तिथेच थबकला. एवढ्या बादल्या खाऊन ही डुकरं बरगड्या दाखवत हिंडतातच कशी, असं त्याने मावशीला विचारलं.

मावशीने डोळ्याची पापणी हलवली नाही. म्हणाली, जंत झालेत.

साहेबाने जंतांचं औषध मागवलं. अख्खं गाव डुकरांमागे धावलं, रमली झाडावर चढून बसला, आणि दोन दिवस ओढ्याकडे जाण्याची कुणाची छाती झाली नाही. त्यानंतरही डुकरं सुधारली नाहीत, तेव्हा साहेबाला उमगलं. हाती पुरावा नव्हता, म्हणून त्याने कुणाला धरलं नाही. फक्त हुकूम काढला की रोजची खरवड त्याच्या कचेरीत जमा व्हावी. तिथे त्याने एक तुकडा साखर लावून चाखला, आणि मग काय, चारच्या चहाबरोबर त्याला रोज खरवड लागायला लागली. माझी वाहवा झाली खरी. पण लेकीच्या तोंडचा घास साहेबाच्या पोटात जाताना मावशी बघत होती, आणि मला पहिल्यांदा स्वतःच्या चवीची लाज वाटली.

ढोलीत गाठ येईनाशी झाली. वरून विमान घिरट्या घालायचं आणि भोंग्यातून ओरडायचं, शरण या, तुम्हाला चांगलं वागवू. जंगलातून माकडांखेरीज कुणी उत्तर देत नव्हतं. मावशीची भूक मेली. ती कात्रीत सापडली होती. खायला पाठवावं तर पोर जंगलात राहते आणि गोळी खाते, न पाठवावं तर उपासाने मरते.

तेवढ्यात मोठा साहेब तपासणीला येणार असं कळलं. हॅडलीच्या हाती एकही शरण आलेला माणूस नव्हता आणि त्याची झोप उडाली होती. मावशी अंगरख्याला हात पुसत कचेरीत गेली. तिचं म्हणणं साधं होतं, तुमच्या विमानाला माणसांना बोलवता येत नाही. मला फाटकाबाहेर रानाच्या तोंडाशी चूल मांडू द्या, मी बोलवते. अट एकच. जो येईल त्याचं जेवण संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही. आमच्यात जेवत्या माणसाला कुणी उठवत नाही, सावकारसुद्धा दाराबाहेर थांबतो.

साहेबाने विचार केला असेल, जेवायला असा कितीसा वेळ लागतो? त्याचं स्वतःचं जेवण उभ्या उभ्या उरकायचं. त्याने साऱ्या गावासमोर शब्द दिला आणि रमलीने तो मोठ्याने दोनदा सांगितला.

काय तो दिवस! चार गड्यांनी मला फाटकाबाहेर नेलं, तीन दगडांवर बसवलं. शिपाई चरात पालथे पडले. मावशीने डुकराचं मांस आणि खारवलेला पाला मंद आचेवर चढवला, बाजूच्या लहान पातेल्यात पेज ठेवली. वारा रानाकडे वाहत होता. असा घमघमाट मी पुन्हा कधी सोडला नाही. कुंपणाच्या जाळीला सगळं गाव नाक लावून उभं. चरातल्या शिपायांच्या पोटात कावळे ओरडत होते ते मला चुलीवरून ऐकू येत होतं. रमली लांब उभा राहून आपला केळं खात होता. मला तर एवढा आनंद झाला होता की मी उकळते आहे की नाचते आहे तेच कळेना.

आणि झाडी हलली. आधी एक डुक्कर आलं. त्यानंतर लान.

ती बांबूसारखी झाली होती. पायांना फडकी, डोळे खोल. बंदूक तिने खाली ठेवली आणि आईसमोर उकिडवी बसली. मावशी तिला जवळ घेईल असं सगळ्यांना वाटलं. पण मावशीने आधी वाडगा भरला. लान वाकून हळूच बोलली, ते फक्त आम्ही दोघींनी ऐकलं.

“आई, हे लोक आमचा तळ कुठंय ते विचारतील. कुणी बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत तळ हलवतात आमचे. तोवर मी तोंड कसं बंद ठेवू?”

“कशाला बंद ठेवतेस?” मावशी म्हणाली. “उघड आणि जेव. सावकाश जेव.”

आणि लान जेवायला बसली.

पहिला वाडगा पेजेचा. चमच्या चमच्याने, फुंकून फुंकून. साहेब घड्याळ बघू लागला. त्याने लष्करी डॉक्टरला पुढे केलं, तर डॉक्टरने तिची नाडी बघून उलटंच सांगितलं: एवढ्या उपाशी माणसाला घाईने खाऊ घातलं तर ते दगावेल, हळूहळूच द्या. मावशीने त्या डॉक्टरकडे असं पाहिलं की तिचा तो धाकटा भाऊच असावा. पेजेनंतर विश्रांती. मग मऊ भात. मग पुन्हा विश्रांती. मग पाल्याचं एक पान, ते चावून चावून. ऊन उतरू लागलं. साहेब येरझारा घालत होता, शब्द दिलेला, गाव बघतंय. शेवटी मावशीने त्याच्याही हातात वाडगा दिला. दोन घास खाल्ल्यावर तो येरझारा विसरला आणि चक्क खाली बसला. चरातले शिपाईही एकेक करून वर आले. मी रिकामी होतच नव्हते. कशी होत नव्हते ते मला विचारू नका, त्या दिवशी मी हट्टाला पेटले होते.

सूर्य टेकडीआड गेला तेव्हा लानने वाडग्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या, म्हणजे जेवण झालं. साहेब उठला, विचारलं, आणि तिने तळ कुठे आहे ते अगदी खरं खरं सांगितलं. शिपाई धावत गेले. तिथे त्यांना थंड राख मिळाली आणि एक फाटकी चप्पल.

हॅडली साहेबाने माझ्याकडे बघितलं. मग तो हसायला लागला, आधी थोडं, मग पोट धरून. वरिष्ठांना त्याने काय कळवलं ठाऊक नाही. काही दिवसांनी त्याची बदली झाली. लानला चौकशीसाठी नेलं, वर्षभर ठेवलं आणि सोडलं. मावशी फाटकाशी तिला घ्यायला गेली तेव्हा मात्र तिला जवळ घेऊन भर रस्त्यात रडली, आणि रमलीने तोंड फिरवलं.

मग स्वातंत्र्य आलं, नवा झेंडा चढला, तारा निघाल्या. मावशी म्हातारी होऊन गेली. मी लग्नाकार्याला जात होते, पुढे तेही थांबलं. आता मला इपोहमधल्या एका हॉटेलच्या दारात ठेवलंय. माझ्यात पाणी भरून लाल मासे सोडलेत. त्यांनी गुदगुल्या होतात, पण हे काय जिणं आहे? पाहुणे माझ्याबरोबर फोटो काढतात आणि मी बोलते ते कुणी ऐकत नाही.

लान अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेलीय, दात नाहीत. जवळच राहते आणि दुपारी माझ्या काठाशी येऊन बसते. आधी पोलीस यायचे, मग जुने साथीदार यायचे, हल्ली कानाला यंत्रं लावलेली शिकलेली पोरं येतात. सगळ्यांना तेच हवं असतं: तळावर कोण कोण होतं, नावं सांगा, आता काय हरकत आहे? त्यातले काहीजण गावात नातवंडं खेळवत बसलेत, हे तिला आणि मला ठाऊक आहे. कुणी येताना दिसलं की ती हातात वाडगा घेते. पोरं अदबीने थांबतात आणि विचारतात, “आजी, झालं का जेवण?”

“अजून जेवतेय,” ती म्हणते.

म्हणून माझं एवढं ऐका. हे मासे एखाद्या तळ्यात नेऊन सोडा, मला तीन दगडांवर चढवा आणि खाली जाळ घाला. फार काही नको, पेज पुरे. वाडगा रिकामा घेऊन ती किती दिवस बसणार?