अठ्ठावन्न इंच

आमचे हे चौतीस वर्षं शहरातल्या प्रदर्शनांत चित्रं टांगायचे. चित्रकार बदलायचे, दालनं बदलायची, खिळा मात्र ह्यांचाच. दर रविवारी मला सोबत घेऊन जायचे, आपलं काम दाखवायला. लोक हनुवटीखाली हात घेऊन चित्रासमोर उभे राहायचे आणि कळो न कळो, मान डोलवायचे. मी विचारायची, "कसं आहे हो हे?" हे एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "सरळ आहे." त्यापलीकडे कुठल्याच चित्राबद्दल ह्यांनी कधी चकार शब्द काढला नाही.

असं करत मी मुखवटे पाहिले, जुनी भांडी पाहिली, विणलेली कापडं पाहिली. ह्यांच्यामुळे माझी नजरच बिघडली. चित्रात काय आहे ते नंतर, आधी ओळ बघायची. ह्यांचा नियम एकच होता. चित्र वहीएवढं असो की दाराएवढं, त्याचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर. त्यासाठी एक काठी केली होती, तिला खाच. काठी भिंतीला लावून मोजायचे आणि खिळ्याच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारायचे.

शेवटचं प्रदर्शन ह्यांनी एका गुरुवारी लावलं. शुक्रवारी दुपारी जेवून उठले आणि दारातच कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आता जे सांगते ते मी कोणाजवळ बोलले नव्हते, मुलीजवळसुद्धा नाही. त्या गुरुवारी सकाळी हे म्हणाले, "डावा हात भरून आलाय गं. आज जाऊ नये असं वाटतंय." हे डावखुरे, हातोडा डाव्या हातातच. मी भांडी घासत होते. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या सासरला ठाऊक आहे. म्हटलं, "मोठं काम आलं की बरा तुमचा हात भरून येतो. नाटकं पुरे." हे हसले, चप्पल घातली आणि गेले.

नंतर मी स्वतःला बजावत राहिले की ह्यांना थट्टेची सवयच होती. खरंच दुखत असतं तर दिवसभर हातोडा चालवला असता का?

तिसऱ्या आठवड्यात दालनाच्या मॅडमचा फोन आला. ह्यांची अवजारांची पिशवी आणि काठी तिथेच राहिली होती. "घेऊन जा, आणि प्रदर्शनही बघा. रविवारी बंद होतंय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेले.

पिशवी खांद्याला, काठी हातात, अशी मी दालनात शिरले. पहिल्या खोलीत ओळ सरळ. दुसऱ्या खोलीत सरळ. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. म्हटलं, हात ठीक होता ह्यांचा, थट्टाच केली होती.

तिसऱ्या खोलीत, शेवटच्या भिंतीवर, सगळ्यात मोठं चित्र होतं. खिडकीशी पाठमोरी उभी बाई. ते खाली होतं. मी काठी लावली. चांगलं हातभर खाली.

"काही जणांनी सांगितलं आम्हाला," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण त्यांचं शेवटचं काम. हात लावावासा वाटला नाही. राहू दे ना, रविवारी उतरणारच आहे."

निमूट निघून आले असते तर बरं झालं असतं. तरी म्हटलं, "काढा खाली. मला मागची भिंत बघायचीय."

मॅडमनी आणि वॉचमनने चित्र उतरवलं. मागे ह्यांची फुली होती, बरोबर जिथे असायला हवी तिथे, डोक्याच्या वर. तिच्याभोवती हातोड्याचे सहा-सात घाव, सगळे चुकलेले, एकाने तर रंगाचा पोपडा निघालेला. खिळा होता तो खाली, खांद्याच्या उंचीला. हात वर जाईना, तेव्हा जिथवर गेला तिथे ठोकला होता.

म्हणजे दुखत होतं. आणि मी पाठवलं.

"इथेच परत लावू का?" वॉचमनने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांची फुली बरोबर आहे. चुकीचं काम त्यांच्या नावावर नको. मी ठोकते."

मॅडम नको नको म्हणत होत्या, पण मी स्टुलावर चढले. पिशवीतून हातोडा घेतला, नवा खिळा घेतला, फुलीवर धरला. हातोडा इतका जड असतो हे मला चौतीस वर्षांत माहीत नव्हतं. चौथ्या घावाला हात खाली आला.

"हात दुखतोय का तुमचा?" मॅडम म्हणाल्या. "बसा जरा. राहू द्या आज."

मी तशीच स्टुलावर उभी राहिले. एवढंच म्हणायला हवं होतं मी त्या गुरुवारी. बसा जरा, राहू द्या आज. ह्या मॅडम मला अर्ध्या तासापासून ओळखत होत्या, आणि त्यांना ते सुचलं.

मग मी डोळे पुसले आणि खिळा पुरा ठोकला.