बिनशिट्टीचा करार

रेफरींचं आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं, एका गोष्टीवर उभ्या जन्मात पटलं नाही. बाई कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायच्या. ज्या कायद्यामागे पोलीस नाही त्याला कायदा म्हणायचं तरी कशाला, हे काही रेफरींच्या डोक्यात शिरत नसे. त्यांची हयात फुटबॉलच्या मैदानावर गेलेली. शिट्टी, पिवळं कार्ड, लाल कार्ड, चालते व्हा. हिशोब संपला.

"तुझे देश करार मोडतात, त्यांना बाहेर कोण काढतं गं?" भाजी निवडता निवडता ते मुद्दाम खोडी काढायचे.

"बहुतेक वेळा कोणीच नाही."

"मग पाळतात कशाला?"

"मैदानात ते बावीस धटिंगण, आणि तुम्ही एकटे काडीपैलवान. तुमच्या शिट्टीला ते का थांबतात?"

"नाही थांबले तर संघटना बघून घेईल!"

"आणि संघटनेचं का ऐकतात? तिच्यावर कोण?"

रेफरी पुन्हा भाजीत डोकं घालायचे. लोक मानतात म्हणून शिट्टी चालते, हे त्यांना पटायचं, पण बायकोसमोर कबूल करायचं म्हणजे फारच झालं.

त्या दोघांचा स्वतःचाही एक करार होता, तोंडी. बाईंच्या आईचं दुखणं घरच्यांनी तिच्यापासूनच लपवलं होतं. ती माउली अंथरुणावर पडून, बरी झाल्यावर शिवायच्या पडद्यांचं कापड निवडत होती आणि भोवती सगळे माना डोलवत होते. ते बाईंना कायमचं सलत राहिलं. म्हणून लग्न होताच त्यांनी नवऱ्याला समोर बसवून कबूल करून घेतलं, की एकमेकांचं दुखणं लपवायचं नाही, विचारलं की खरं सांगायचं. नवरदेव तेव्हा प्रेमात आकंठ बुडालेले होते, ते कशालाही हो म्हणाले असते.

आणि आता बाईंना सारखा विसर पडायला लागला म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवून रेफरींना आणि लेकीला आत बोलावलं. बाईंचं विसरणं नुसतं वयाचं नव्हतं. ते वाढत जाणार होतं. औषधाने थोडं लांबेल, थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बाहेर येताना लेकीने त्यांचा दंड धरला. "बाबा, आईला थकवा आहे एवढंच सांगायचं."

"मी तिला शब्द दिलाय."

"तो तिलाच आठवत नाही! मी परवा विषय काढला, तर म्हणाली, 'कसला शब्द?' तुम्ही तो मोडलात तर कोणाला कळणार आहे?"

तिचे डोळे रडून लाल झाले होते. आईला जपायचं, दुसरं तिच्या मनात काही नव्हतं. आणि पकडणारं कोणी नसेल तर करार पाळायचा कशाला, हा सवाल रेफरींचाच होता. जन्मभर बायकोला विचारला, आता त्यांच्याच गळ्यात येऊन पडला.

घरी चपला काढता काढता बाईंनी विचारलंच. "काय म्हणाले हो डॉक्टर?"

लेक मागून मानेने नाही नाही म्हणत होती. 'थकवा' हा शब्द रेफरींच्या ओठांवर आला होता. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, सांगतील ते खरं मानायच्या तयारीने. तिथेच ते अडखळले. एक खोटं बोललं, की आजवर बरोबरीने समोर बसून भांडलेली ही बाई आजपासून नुसती सांभाळायची वस्तू होणार होती. ती त्यांना तशी नको होती. तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

त्यांनी सगळं सांगितलं. बाई खूप रडल्या. लेक रागाने आत निघून गेली.

सकाळी बाई केस बांधत बाहेर आल्या, चेहरा अगदी ताजा. "अहो, काल डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलंच नाहीत!"

 हे रोजचंच होणार, हे रेफरींच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा, आता तरी ऐका माझं," लेक दारातून म्हणाली.

त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगितलं. बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. मग पदराने तोंड पुसून त्यांनी विचारलं, "काल सांगितलं होतंत?"

"हो."

"मी रडले?"

"हो."

"तरी आज परत सांगितलंत. का?"

"आपलं ठरलंय तसं. तुला आठवत नाही, पण मला आठवतंय."

बाईंनी त्यांचा हात धरला. मग त्यांचा वर्गातला आवाज आला. "करारात दोन्ही पक्षांच्या संमतीने बदल करता येतो. उद्यापासून मी विचारलं, तर आधी चहा द्यायचा, मग सांगायचं. उपाशीपोटी नको."

"मंजूर," रेफरी म्हणाले, आणि आता ते रडले.

दुसऱ्या दिवशी बाई टेबलाशी येऊन बसल्या. "अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

रेफरी बोलणार, तोच लेकीने आईपुढे कप ठेवला आणि ती तिला खेटून बसली.

"थांबा बाबा," ती म्हणाली, "तिचा चहा होऊ दे. मग सांगा."