मक्यातली होडी

"कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसवायचा माझा आग्रहही नाही," मिस्तरी म्हणाला, "पण मी बसवलेल्या फुग्यांवर एका टिचभर ट्रकने अख्खी होडी अशी ओढत नेली, की शेवटपर्यंत होडीला वाटत होतं आपण अजून पाण्यातच आहोत."

हे वाक्य आलं की शेजारचा पंक्चरवाला आपलं स्टूल पुढे ओढायचा. दोन वर्षांत त्याने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मिस्तरीला खोकला आला तर पुढचं वाक्य त्यानेच म्हटलं असतं. पण दर खेपेला होडी हातभर वाढायची, आणि या वेळी ती कुठवर गेली हे बघण्यात त्याला गंमत वाटायची.

आज ऐकणारा नवा होता. गॅरेजातल्या एकुलत्या एक धड खुर्चीवर ट्रेलरवाला मालक बसला होता. सहा छोटे ट्रक, त्यांच्यामागे ट्रेलर लावून लोकांच्या होड्या, घोडे, यंत्रं इकडून तिकडे पोचवायची, हा त्याचा धंदा. माणूस कमी बोलणारा. चहाचा कप त्याने हातात घेतला होता, पण ओठाला लावला नव्हता.

"फुगे म्हणजे काय, हे तुम्हाला मी काय सांगायचं," मिस्तरी म्हणाला आणि सांगायला लागला. एअर बॅगांना त्या गॅरेजात सगळे फुगेच म्हणत. जाड रबराचे, पिठाच्या डब्याएवढे, मागच्या दोन चाकांजवळ, चासी आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये एकेक बसवलेले. मागे जड ट्रेलर अडकवला की ट्रकची पाठ बसते आणि तोंड वर होतं. फुग्यांत हवा भरली की पाठ पुन्हा उचलली जाते, गाडी सरळ उभी राहते. "नाहीतर ट्रक तारे मोजत चालतो. आणि हवा जास्त झाली तर उलटी तऱ्हा. एका शहाण्याने इतकी भरली, इतकी भरली, की हेडलाइटच्या उजेडात त्याला पंधरा दिवस फक्त गांडुळं दिसत होती."

पंक्चरवाला मांडीवर थाप मारून हसला. मालकाच्या मिशीचा एक कोपरा हलला.

दाराशी उलट्या खोक्यावर बसलेला जावई हसला नाही. तो रॉकेलच्या डब्यात नट धूत होता. त्याचा उजवा पाय पुढे लांब पसरलेला, कारण दोन वर्षांपासून तो पूर्ण दुमडत नव्हता. ब्रेक दाबण्यापुरता दुमडायचा. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं आणि गेल्या आठवड्यात लायसन परत हातात आलं होतं. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्रीचा शर्ट घालून नट धुणारा माणूस मिस्तरीने जन्मात पाहिला नव्हता. सकाळपासून त्याच्या जिभेवर त्याबद्दल एक टोमणा वळवळत होता, पण लेकीने डोळे वटारले म्हणून तो त्याने गिळला होता. शर्टाला इस्त्री तिनेच केली होती. दोनदा.

ती आता मागच्या अंगणात होती. उघड्या दारातून दिसायची: निळ्या दोरीवर धुतलेली तेलकट फडकी वाळत घातलेली, आणि त्यांच्या आडून तिचे नुसते पाय. आतलं बोलणं तिला ऐकू जात होतं, हे पायांवरूनच कळायचं. बोलणं थांबलं की पाय थांबायचे.

"तर होडी," मिस्तरी म्हणाला. "घराएवढी."

"मागे ट्रकएवढी होती," पंक्चरवाला म्हणाला.

"तू तुझी ट्यूब बघ. घराएवढी होडी, पांढरी शुभ्र. फुगे बसवले, हवा भरली, आणि मग माझी परीक्षा घेतली. माझी परीक्षा ठाऊक आहे ना? पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवायचा आणि गाडी या रस्त्याच्या त्या टोकापर्यंत न्यायची. एक थेंब सांडला तर मिस्तरीने हत्यारं विकून टाकावीत. मालक, थेंब सांडला नाही. उलट टोकाला पोचलो तेव्हा ग्लासात एक चिमणी पाणी पीत बसली होती."

एवढं मात्र, चिमणी सोडली तर, खरं होतं. ग्लास खरोखरच सांडला नव्हता. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखा सरळ होता, त्याला एकसुद्धा वळण नव्हतं, हे मिस्तरी कधी सांगत नसे.

"मग जावईबापू बसले स्टिअरिंगवर," तो म्हणाला. "निघाली स्वारी. घाट उतरली, पूल ओलांडला. आणि वळण आलं. वळणावर होडीच्या मनात काय आलं कोण जाणे. ट्रक डावीकडे आडवा, ट्रेलर उजवीकडे, आणि होडी त्या दोघांचा निरोप घेऊन जी उडाली ती मक्याच्या शेतात. आडवी नाही, तिरकी नाही. सरळ, ऐटीत. वारा सुटला होता, मका डोक्याएवढा, लाटांसारखा हलतोय, आणि मधोमध पांढरी होडी. शेतकऱ्याची बायको डबा घेऊन आली तिने नवऱ्याला विचारलं, किनारा इथवर कधी आला?"

पंक्चरवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो दर वेळी इथेच हसायचा आणि दर वेळी जावयाकडे पाहून हसू आवरायचा. जावई एका नटाचे आटे ब्रशने घासत होता. होडी मक्यात ऐटीत उभी होती तेव्हा तो ट्रकच्या केबिनमध्ये उलटा लटकलेला होता, आणि गुडघा कुठे आहे हे त्याला कळत नव्हतं. गोष्टीत तेवढा भाग नव्हता.

मालकाने कप जमिनीवर ठेवला.

"मिस्तरी, गोष्ट छान आहे. मला दोन कामं होती. माझ्या सहाही गाड्यांना फुगे बसवायचेत, आणि एक ड्रायव्हर हवाय. ड्रायव्हर म्हणून तुमच्या जावयाचं नाव दोघांनी सुचवलं. पण ती गाडी का कलंडली हे कळल्याशिवाय मी कुणाच्या हातात किल्ली देत नाही."

जावई उठला. पायामुळे उठायला त्याला जरा वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले.

"चूक माझी होती, मालक," तो म्हणाला. "वळणावर वेग जास्त असणार."

"असणार म्हणजे? काट्यावर किती होता?"

"काट्यावर चाळीस दिसत होता."

"मग?"

जावयाने सासऱ्याकडे पाहिलं. "मामा म्हणतात, साठ असेल. धडकेनंतर माणसाला नीट आठवत नाही म्हणतात."

"मामा गाडीत होते?"

"नाही."

मागच्या अंगणातले पाय थांबले होते.

"ते वळण मला माहीत आहे," मालक म्हणाला. "चाळीसने तिथे गाडी कलंडत नाही. कलंडलीच तर त्याला माझ्या माहितीत एकच कारण आहे. मिस्तरी, दोन्ही फुग्यांना हवेची नळी एकच होती की दोन वेगळ्या?"

हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. विमेवाल्यांनी नाही, पोलिसांनी नाही, होडीवाल्याने तर नाहीच.

नळी एकच होती. त्या दिवशी होडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. दोन नळ्या म्हणजे हवा भरायची दोन तोंडं, आणि दोन तोंडं म्हणजे ट्रकच्या मागच्या पट्टीला दोन भोकं. पहिलं भोक पाडून होतंय तोच ड्रिलचं टोक मोडलं. दुसरं टोक बाजारातून आणायला तासभर गेला असता. मिस्तरीने दुसरी नळी कोपऱ्यात भिरकावली आणि पितळी टी-जोड लावून एकाच नळीतून दोन्ही फुग्यांना हवा दिली. ग्लास सांडला नाही. जावयाला हे सांगायचं राहून गेलं, असं तो पहिले काही दिवस स्वतःला म्हणायचा. पुढे तेही म्हणायचं त्याने सोडलं. ट्रक भंगारात गेला तेव्हा 'शेवटचं बघून येतो' म्हणून तो गेला, आणि परतताना त्याच्या खिशात एक पितळी टी-जोड होता. तो त्याने पुलावरून खाली टाकला. त्यानंतर आठवडाभराने गोष्टीत पहिल्यांदा साठचा वेग आला.

आता एक शब्द पुरे होता. 'एकच.' जावई सोमवारपासून स्टिअरिंगवर बसला असता. पण मग सहा गाड्यांचे फुगे गेले असते, आणि सहा गाड्याच कशाला, या रस्त्यावर कुणी सायकलची हवासुद्धा त्याच्याकडून मोजून घेतली नसती. चाळीस वर्षं लोक म्हणत होते, मिस्तरी थापा मारतो, पण हाताने मारत नाही. तेवढ्या एका वाक्यावर त्याचं गॅरेज उभं होतं.

त्याने जावयाच्या शर्टाकडे पाहिलं. बाहीवरची घडी सुरीसारखी होती.

"मालक," तो म्हणाला, आणि आवाजात हसू आलं, कारण हसू आणल्याशिवाय त्याला बोलताच येत नसे, "एक नळी? अहो, एक नळी लावणाऱ्या मिस्तरीला त्याच नळीने बडवावं. दोन्ही फुगे एका नळीने जोडले तर वळणावर काय होईल? भार बाहेरच्या फुग्यावर येणार. तो दबणार. त्यातली हवा पळणार कुठे? नळीतून आतल्या फुग्यात. म्हणजे ज्याला आधार हवा तो बसतो आणि ज्याला नको तो टम्म फुगतो. गाडी स्वतःहून झुकते, वरून ट्रेलर ढकलतो. मग बिचारा ड्रायव्हर तिसाने चालवो की विसाने, कलंडणारच. हे मला कळत नाही होय?"

"म्हणजे दोन होत्या."

"दोन." इथे थांबला असता तर निभावलं असतं. पण मालक अजून त्याच्याकडे बघत होता, आणि कुणी असं बघत राहिलं की मिस्तरीला गोष्ट तशीच सोडवत नसे. तिला रंग दिल्याशिवाय हात थांबत नसे. "दोन वेगळ्या. आणि चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून दोन रंगांच्या. डाव्या फुग्याला लाल, उजव्याला निळी. नव्याकोऱ्या, त्याच सकाळी आणलेल्या. या हातांनी लावल्या."

पंक्चरवाल्याने मान वर केली. रंग त्याने आजच ऐकले.

मालक उठला. "मग वेगच," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "गाड्या सोमवारपासून एकेक पाठवतो, मिस्तरी. ड्रायव्हर मी दुसरा बघतो." जावयाकडे वळून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, नाही," जावई म्हणाला. "बरोबर आहे तुमचं. मीही किल्ली नसती दिली."

मग त्याने उजव्या बाहीचं बटण काढलं, बाही नीट दोन घड्या करून वर घेतली, डाव्या बाहीचंही तसंच केलं, आणि खोक्यावर बसून हात रॉकेलच्या डब्यात घातला. मिस्तरीच्या मनात टोमणा होता तो आता आपोआप विरून गेला. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

"चहा तरी घ्या, मालक," तो म्हणाला. "थंड झाला असेल, दुसरा सांगतो. त्या होडीचं पुढे काय झालं ते तर राहिलंच. शेतकऱ्याने तिच्यात कोंबड्या..."

"अप्पा."

लेक मागच्या दारात उभी होती. तिच्या एका खांद्यावर फडक्यांचा ढीग होता, अर्धी ओलीच.

"उजव्या फुग्याची नळी निळी होती म्हणालात ना?"

"निळीच. का गं?"

तिने फडकी सासरे-जावयाच्या मधल्या जमिनीवर टाकली. दुसऱ्या हातातलं निळ्या नळीचं भेंडोळं तिने मालकापुढे धरलं.

"ही बघा," ती म्हणाली. "अख्खी आहे. दोन्ही टोकांना कारखान्याची टोपणं आहेत अजून. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी झाडताना कोपऱ्यात सापडली. दोन वर्षं मी तुमची फडकी हिच्यावरच वाळत घालतेय, अप्पा."